नर्सच्या डायरीत आपला माणूस

पहिल्या महायुद्धातल्या एखाद्या नर्सनं डायरीत जखमी शिपायाचं नाव लिहिलं असेल, तर त्यामागे बहुधा दोनच कारणं असतात. एक तर तो मरणाच्या दारात होता, नाहीतर इतके दिवस वॉर्डात पडून होता की त्याचं नाव तिच्या तोंडी बसलं. बाकीचे सगळे दुखापतीनं ओळखले जातात: पोटात गोळी लागलेला, दोन्ही डोळे गेलेला, रात्रभर आईला हाका मारणारा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात गेल्या काही दशकांत अशा डायऱ्या पेटाऱ्यांतून, माळ्यांवरून बाहेर आल्या, छापल्या गेल्या, संग्रहालयांत दाखल झाल्या. पाठोपाठ त्यांत आपला पणजोबा, चुलत आजोबा शोधणारे वाचकही आले. कुणाला तो सापडतो, कुणाला नाही. ज्यांना सापडत नाही त्यांत आपल्याकडची, म्हणजे सातारा, रत्नागिरी, सावंतवाडीकडची घरं फार मोठ्या संख्येनं आहेत. असं का, हा या लेखाचा विषय.

सुरुवात अशा एका डायरीपासून करू, जिच्यामुळे या शोधाला पुष्कळ चालना मिळाली. इडिथ अ‍ॅपलटन ही केंट परगण्यातल्या डील गावची. जन्म १८७७चा, नर्सिंगचं शिक्षण लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलात. १९१४ मध्ये ती फ्रान्सला गेली आणि युद्ध संपल्यावरच परतली. तिच्या डायरीचे चार खंड आज उपलब्ध आहेत, मधला काही काळ मात्र गहाळ आहे. तिचा मोठा मुक्काम होता नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या एत्रता इथे. क्लोद मोनेनं जिथले पांढरे कडे रंगवले तेच हे सुट्टीचं गाव. तिथली हॉटेलं आणि बंगले ताब्यात घेऊन १ नंबरचं जनरल हॉस्पिटल उभं केलं होतं. १ जुलै १९१६ला सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्यातले सुमारे ५७,००० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पुढच्या आठवड्यांत त्यांतले गाडीभरून जखमी किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलांत उतरू लागले. अ‍ॅपलटनच्या डायरीतला हा भाग वाचताना तिचा हात दुखत असणार हे जाणवतं. तरी ती लिहीत राहते. मध्येच समुद्रात पोहून येते, फुलं खुडते, चित्र काढते.

तिच्या भावंडांच्या नातवानं या वह्या उतरवून काढल्या. २०१२ मध्ये इम्पीरियल वॉर म्युझियमच्या सहकार्यानं त्यांचं पुस्तक झालं. डायरीत नावानिशी आलेल्या माणसांचे वंशज शोधायचं कामही या कुटुंबानं हाती घेतलं. अशा डायऱ्या बहुतेक वेळा भाचे-पुतण्यांच्या घरीच का सापडतात, यालाही कारण आहे. सैन्याच्या नर्सिंग सेवेत अविवाहित किंवा विधवा बायकाच घेत. पुष्कळ जणींनी पुढेही लग्न केलं नाही. मुलंबाळं नसलेल्या आत्याच्या वस्तू ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांच्या घरात त्या वह्या राहिल्या.

आता नाव सापडणं न सापडणं कशावर ठरतं, ते पाहू. खंदकात जखमी झालेला माणूस टप्प्याटप्प्यानं मागे येई. आधी पलटणीचं प्रथमोपचार ठाणं, मग पुढचं मलमपट्टी केंद्र, मग ज्याला कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन म्हणत ती तंबूंतली शस्त्रक्रियेची जागा, तिथून हॉस्पिटलच्या आगगाडीनं किनाऱ्यावरचं बेस हॉस्पिटल, आणि नशीब असेल तर जहाजानं इंग्लंड. प्रत्येक टप्प्यावर कागद तयार होई. त्याच्या कोटाच्या बटणाला एक कार्ड बांधलेलं असे. त्यावर नंबर, नाव, पलटण, जखम आणि दिलेलं इंजेक्शन लिहिलेलं असायचं. साखळीत नर्स जितकी पुढे, तितका तिला माणूस कमी वेळ दिसे. क्लिअरिंग स्टेशनमधली नर्स एका रात्रीत शेकडो लोक पाहते आणि सकाळपर्यंत त्यांतले निम्मे पुढे गेलेले असतात. तिच्या लिखाणात लढाई जिवंत होते, पण माणसं बिननावाची राहतात. बेस हॉस्पिटलमधली नर्स तोच माणूस तीन आठवडे पाहते. त्याची बायको, त्याचा कुत्रा, त्याची भांडणं, सगळं तिला ठाऊक होतं. म्हणून माझं मत असं, की डायरी हाती घेण्याआधी ती लिहिणारी त्या साखळीत कुठे उभी होती हे पाहावं. निम्मी निराशा तिथेच टळते.

केट लुआर्डचं उदाहरण घ्या. एसेक्समधल्या पाद्र्याची ही मुलगी बोअर युद्धातही नर्स होती. १९१४च्या शरदात ती हॉस्पिटलच्या आगगाडीवर होती. तिचं त्या काळातलं लिखाण १९१५ मध्ये निनावी पुस्तक म्हणून आलं. १९१७ मध्ये बेल्जियमच्या ब्रँडहूक इथे पोटाच्या जखमांसाठी खास उभारलेल्या ३२ नंबरच्या क्लिअरिंग स्टेशनची ती प्रमुख होती. या दुसऱ्या काळात तिनं घरी धाडलेली पत्रं १९३० मध्ये ‘अननोन वॉरियर्स’ या नावानं प्रसिद्ध झाली. दोनदा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा डॉक्टर नोएल शव्हास ४ ऑगस्ट १९१७ला तिच्याच तंबूत मरण पावला. त्याचं नाव असणं साहजिकच. पण त्याच आठवड्यात त्याच चादरींवर मेलेले इतर बहुतेक जण तिच्या लिखाणात केवळ ‘एक पोरगा’ म्हणून येतात. पुस्तकाचं नाव तिनं उगाच ठेवलेलं नाही.

डायरी मुळात कुणासाठी लिहिली गेली, यानंही फरक पडतो. लढाईच्या भागात खासगी डायरी ठेवायला सैन्याची मनाई होती. शत्रूच्या हाती लागली तर, ही भीती. त्यामुळे नावं, गावं, पलटणी गाळण्याची सवय लिहिणाऱ्यांना लागली. युद्धकाळात छापलेल्या पुस्तकांत तर ती आणखी गाळली गेली. शिवाय वरिष्ठांचा रोष होताच. इनिड बॅग्नोल्ड ही लंडनच्या वुलविचमधल्या सैनिकी हॉस्पिटलात स्वयंसेविका होती. १९१८ मध्ये तिनं तिथल्या अनुभवांचं पुस्तक छापलं आणि तिला कामावरून काढून टाकण्यात आलं. तेव्हा छापील प्रत आणि हस्तलिखित यांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. खरा शोध घेणाऱ्यानं शक्य तिथे मूळ वही पाहावी. समासात पेन्सिलीनं लिहिलेला पलटणीचा नंबर संपादकाला बिनमहत्त्वाचा वाटला असेल, पण शोधणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

डायरीतल्या नावावरून माणूस पक्का करायचा तर सरकारी कागदांकडे जावं लागतं, आणि तिथे दुसरी अडचण. ब्रिटिश शिपायांच्या सेवेचे कागद लंडनच्या एका गोदामात होते. सप्टेंबर १९४०च्या जर्मन बॉम्बफेकीत त्यांतले सुमारे साठ टक्के जळाले. उरलेले करपलेले, पाण्यानं भिजलेले कागद ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ते आजही ‘जळालेले कागद’ याच नावानं ओळखले जातात. हॉस्पिटलांत दाखल झालेल्यांची रजिस्टरं तर वैद्यकीय इतिहासासाठी नमुन्यादाखल ठेवली, बाकीची नष्ट केली. म्हणजे डायरीत ‘वॉर्ड चारमधला वॉट्सन’ सापडला तरी त्या वॉर्डाचं रजिस्टर शिल्लक असेलच असं नाही. त्यात टेरिटोरियल पलटणींच्या शिपायांचे नंबर १९१७ मध्ये बदलले. जुन्या नंबरानं शोधणारा माणूस नव्या नंबरावरच्या नोंदीजवळून सरळ पुढे निघून जातो.

याउलट नर्सांचे स्वतःचे कागद बरे टिकले. सैनिकी नर्सांच्या पंधरा हजारांहून अधिक फायली अभिलेखागारात आहेत. रेडक्रॉसच्या नव्वद हजार स्वयंसेवकांची कार्डंही आता पाहता येतात. त्यामुळे ‘माझी पणजी नर्स होती’ या प्रश्नाचं उत्तर मिळणं ‘माझ्या पणजोबाला कुठल्या नर्सनं पाहिलं’ यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत मोलाचा कागद वाटतो तो डायरीचा नाही, स्वाक्षऱ्यांच्या वहीचा. त्या काळी नर्सा आपल्याजवळ एक छोटी वही ठेवत आणि बरे होत आलेले शिपाई तीत काहीतरी लिहीत: चार ओळींची तुकबंदी, एखादं चित्र, पलटणीचं बोधचिन्ह. खाली नाव, बहुतेक वेळा नंबर, पलटण, तारीख आणि कुठे जखम झाली तेही. इथे नर्सची आठवण मध्ये येत नाही. माणूस स्वतः, स्वतःच्या अक्षरात हजर असतो. डायरीत सापडलेल्या नावापुढे शंकेचं चिन्ह राहतं, इथे ते बहुधा पडत नाही. साहित्य म्हणून या वह्यांना किंमत नाही. त्यांतल्या कविता वाईटच असतात, आणि संपादकांनी त्यांच्याकडे फार काळ दुर्लक्ष केलं ते त्यामुळेच असावं.

माणूस सापडल्यावर काय सापडतं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मृत शिपायाच्या आईला पत्र लिहिणं हे हेड सिस्टरचं किंवा वॉर्डातल्या नर्सचं काम असे. लुआर्डनं अशी पत्रं ढिगानं लिहिली. त्यांचा एक ठरलेला सूर होता: त्याला शेवटी वेदना झाल्या नाहीत, तो शांतपणे गेला, तुमचं नाव घेत होता. घरोघर ही पत्रं बायबलच्या पानांत जपून ठेवली गेली. त्याच दिवशी त्याच हातानं डायरीत काय लिहिलं गेलं, ते घरच्यांना कधीच कळलं नव्हतं. शंभर वर्षांनी पणतवंड डायरी उघडतं तेव्हा दोन्ही कागद पहिल्यांदा समोरासमोर येतात. पत्रात शांतपणे गेलेला माणूस डायरीत गॅस गँग्रीननं सडत, तीन दिवस ओरडत गेलेला असतो. नर्स खोटं बोलली का? बोलली. आणि मला वाटतं तिनं ते बोलायलाच हवं होतं. पण वंशजांच्या दृष्टीनं घरातला सगळ्यांत जपलेला कागद त्यामुळे संशयास्पद ठरतो. काही कुटुंबांना हे नको असतं, आणि त्यांच्यावर ते लादण्याचा हक्क संशोधकाला आहे असं मला वाटत नाही.

इतरही गोष्टी निघतात. स्वतःच्याच पायात गोळी झाडून घेतल्याचा संशय, गुप्तरोगाच्या वॉर्डातले महिने, दुसऱ्याच बाईचा फोटो उशाखाली. नर्स हे सहज लिहून जाते. वॉर्डात ते रोजचंच होतं, आणि ही वही शंभर वर्षांनी त्याच माणसाचं आडनाव लावणारं कुणीतरी वाचेल असं तिच्या मनातही आलं नसेल.

बेपत्ता माणसांचा शोध युद्ध चालू असतानाच सुरू झाला होता. आजचे वंशजही बऱ्याच अंशी त्याच वाटेनं जातात. नोव्हेंबर १९१४ मध्ये गर्ट्रूड बेल बूलोनच्या रेडक्रॉस कार्यालयात आली आणि तिनं जखमी-बेपत्तांच्या चौकशीची नोंदपद्धत बसवली. मेसोपोटेमियाच्या राजकारणातलं तिचं नाव सर्वांना ठाऊक आहे; त्याआधीचं हे काम कमी लोकांना माहीत आहे. ऑस्ट्रेलियासाठी हेच काम वीरा डीकिन या माजी पंतप्रधानांच्या मुलीनं उभं केलं, आधी कैरोत, मग लंडनमध्ये. चौकशी करणारे स्वयंसेवक बेपत्ता लोकांच्या याद्या घेऊन हॉस्पिटलांतून फिरत आणि त्याच पलटणीच्या जखमींना विचारत, याला शेवटचं कुणी पाहिलं? कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर अलेक्झांड्रियात हेच काम करत होता. डीकिनच्या ऑस्ट्रेलियन कार्यालयाच्या सुमारे ३२,००० माणसांच्या फायली कॅनबेराच्या युद्ध स्मारकात आहेत आणि कुणालाही वाचता येतात. एका फायलीत एकाच माणसाच्या मरणाच्या चार कहाण्या असतात. एक म्हणतो तोफगोळ्यानं उडाला, दुसरा म्हणतो कैद झाला, तिसऱ्यानं त्याला परवाच दारू पिताना पाहिलेलं असतं. नर्सची डायरी अशा साक्षींच्या शेजारी ठेवून वाचली की तिचं वजन कळतं. ती पुष्कळांतली एक साक्ष आहे, आणि बहुतेक वेळा तीही ऐकीव.

पण जिथे रजिस्टरच नव्हतं तिथे उलटं झालं. त्याचं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडण्याच्या बेतात असताना ‘व्हायनर ब्रूक’ जहाजातून ६५ ऑस्ट्रेलियन नर्सा निघाल्या. जहाज बुडालं आणि १२ जणी समुद्रात गेल्या. १६ फेब्रुवारीला बांका बेटाच्या किनाऱ्यावर जपानी सैनिकांनी २१ जणींना गोळ्या घातल्या. उरलेल्या ३२ कैदेत पडल्या, त्यांतल्या ८ जणी छावण्यांत दगावल्या. घरी परतल्या २४. छावणीत बेटी जेफरी चोरून डायरी लिहीत होती. १९५४ मध्ये ती ‘व्हाइट कूलीज’ या नावानं छापली गेली. कोण कुठल्या दिवशी, कशानं गेलं, हे कळायला त्या छावण्यांबाबत अशा चोरट्या वह्यांइतका आधार दुसरा नव्हता. तिथे डायरी म्हणजेच रजिस्टर.

आता आपल्याकडे वळू. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या वर माणसं गेली आणि सुमारे ७४,००० परत आली नाहीत. फ्रान्समध्ये हिंदी सैन्य १९१४च्या शरदातच पोचलं होतं. खडकीच्या ३ नंबरच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ला नव्ह शापेलच्या गल्ल्यांत घुसल्या आणि एका दिवसात कापल्या गेल्या. लुआर्डच्या आगगाडीवर त्याच हंगामात हिंदी जखमी चढत होते. तिच्या डायरीत ते भेटतात, पण शीख म्हणून, गुरखे म्हणून. नाव नाही. तिला ती भाषा येत नव्हती, हे एक कारण झालं. खरं कारण मात्र सरकारी धोरणात आहे.

इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये आणि आसपास हिंदी जखमींसाठी हॉस्पिटलं उघडली, तेव्हा गोऱ्या नर्सांनी हिंदी शिपायांची शुश्रूषा करावी का, यावर वरच्या वर्तुळात रण माजलं. मे १९१५ मध्ये ‘डेली मेल’नं जखमी हिंदी शिपायाच्या पलंगाशेजारी उभ्या नर्सचा फोटो छापला आणि युद्ध खात्याला घाम फुटला. नर्सांना हिंदी वॉर्डांतून काढून घेतलं गेलं. जिथे राहिल्या तिथे देखरेखीपुरत्या. ब्रॉकनहर्स्टच्या लेडी हार्डिंग हॉस्पिटलात मात्र नर्सा होत्या. नर्सांना काढण्याचं कारण उघड होतं: जखमी हिंदी पुरुषाच्या अंगाला गोऱ्या बाईचा हात लागणं साम्राज्याच्या इभ्रतीला झेपत नव्हतं. शंभर वर्षांनी त्याचा परिणाम असा, की यॉर्कशरच्या पोराला धुणाऱ्या, भरवणाऱ्या, त्याची पत्रं लिहिणाऱ्या बाईची वही आहे. रत्नागिरीच्या पोराला हे सगळं करणारा वॉर्ड ऑर्डर्ली आणि सब-असिस्टंट सर्जन होता, आणि त्याची वही नाही. आपला माणूस डायरीत न सापडण्याला योगायोग म्हणणं चुकीचं आहे.

वही अगदीच नाही असंही नाही. ‘बेंगॉल अ‍ॅम्ब्युलन्स कोअर’मधला शिशिर सर्बाधिकारी मेसोपोटेमियातल्या कुतला वेढ्यात सापडला आणि तुर्कांच्या कैदेत गेला. रास-अल-ऐन आणि अलेप्पोच्या हॉस्पिटलांत त्यानं काम केलं. डायरीची पानं त्यानं बुटांत लपवून ठेवली, आणि त्यांतून १९५७ मध्ये ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक झालं. कैदेतच मेलेला डॉक्टर कल्याण मुखर्जी याच्या पत्रांवरून त्याच्या आजीनं, मोक्षदादेवींनी, १९२८ मध्ये ‘कल्याण-प्रदीप’ लिहिलं. नर्सच्या डायरीत जे शोधायचं ते हिंदी बाजूला अशा पुरुषांच्या कागदांत शोधावं लागतं. दोघेही सुशिक्षित बंगाली भद्रलोक होते, ही त्यातली मर्यादा. वेढ्यात त्यांच्या शेजारी १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ला कुत पडलं तेव्हा सहाव्या पूना डिव्हिजनची सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. या मराठा जवानांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं.

ज्यांना येत नव्हतं ते सांगून लिहून घेत. फ्रान्समधून आणि इंग्लंडच्या हॉस्पिटलांतून गेलेली हिंदी शिपायांची पत्रं एव्हलिन हॉवेल या मुलकी अधिकाऱ्याच्या हाताखालचं सेन्सॉर कार्यालय वाचत असे. निवडक पत्रांचे इंग्रजी उतारे काढून ते वरिष्ठांना धाडले जात. हे उतारे ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि डेव्हिड ओमिसीनं १९९९ मध्ये त्यांचं संपादित पुस्तक केलं. त्यात पत्र पाठवणाऱ्याचं नाव, पलटण, हॉस्पिटल आणि ज्याला लिहिलं त्याचा जिल्हा असतो. शोध घेणाऱ्या वंशजाला याहून सोयीचं काही नाही. मूळ पत्र तेवढं पुढे गेलं आणि गावच्या घरात, पावसात, वाळवीत संपलं. मराठी शिपायाचे शब्द कुठे टिकले असतील तर ते सेन्सॉरच्या इंग्रजीत.

मेसोपोटेमियातल्या जखमींचा मोठा ओघ मुंबईला यायचा. बसऱ्याहून हॉस्पिटल-जहाजं निघत. कुलाब्याला युद्धाचं हॉस्पिटल होतं, देवळालीला ३४ नंबरचं वेल्श जनरल हॉस्पिटल होतं, आणि नुकतंच बांधून झालेलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमही, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, काही काळ सैनिकी हॉस्पिटल म्हणून वापरलं गेलं. १९१६पासून पाचशेहून अधिक ऑस्ट्रेलियन नर्सा हिंदुस्थानात कामाला होत्या. त्यांच्या पत्रांत नि डायऱ्यांत मुंबईचा पावसाळा, उकाडा, कॉलरा सगळं आहे. त्यांतल्या काही जणी इथेच दगावल्या. त्यांची नावं पुण्याला खडकीच्या युद्ध स्मारकावर कोरलेली आहेत. देशभर विखुरलेल्या, सांभाळता न येणाऱ्या थडग्यांतल्या अठराशेहून अधिक माणसांचं ते स्मारक. थडगं कुठेही असो, नाव दगडावर आहे.

आणि बसरा? १९२९ साली उभारलेलं बसऱ्याचं स्मारक मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांचं थडगं माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचं आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार आकडा कोरला. अमुक मराठा पलटण, इतके. १९९७ मध्ये हे स्मारक आहे तसं नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं, तेव्हाही आकडेच हलले. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगानं एप्रिल २०२१ मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल जाहीर करून हे कबूल केलं: ४५,००० ते ५४,००० लोकांचं स्मरण असमान पद्धतीनं झालं, आणि किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० लोकांचं नावानिशी किंवा मुळीच झालं नाही. ब्रायटनजवळ टेकडीवर ज्या जागी ५३ हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला, तिथे १९२१ मध्ये छत्री बांधली. त्यांची नावं तिथे दगडावर यायला २०१० उजाडलं.

पंजाबकडे एक मोठी सोय झाली. लाहोर संग्रहालयात पडून असलेल्या गाववार रजिस्टरांमधल्या सुमारे ३,२०,००० शिपायांच्या नोंदी २०२१पासून लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. आपल्या सैनिकी गावांत सापडतो तो बहुधा दगड. या गावातून इतके गेले, इतके मेले. पुन्हा आकडाच. साताऱ्याचं आपशिंगे हे त्यातलं सर्वांत गाजलेलं गाव. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले असं सांगितलं जातं आणि म्हणूनच ते ‘मिलिटरी आपशिंगे’.

मग मराठी घरातल्या माणसानं शोधायचं कसं? माझ्या मते इथे क्रम उलटा ठेवावा लागतो. यॉर्कशरचा माणूस डायरीतल्या नावापासून सुरुवात करून नंबरापर्यंत जातो. आपण नंबरापासून निघायचं आणि डायरी शेवटी उघडायची. माणूस युद्धात मरण पावला असेल तर राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदीत तो मिळण्याची शक्यता बरीच आहे, दगडावर नसला तरी. हिंदी शिपायांच्या अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. स्पेलिंग मात्र त्या काळच्या कारकुनाच्या कानाचं असतं: जाधवचा ‘जाधाओ’, पवारचा ‘पोवार’, शिंद्यांचा ‘सिंदे’. तेव्हा आडनावापेक्षा गावावरून आणि पलटणीवरून गेलेलं बरं. जे जिवंत परतले, आणि बहुसंख्य परतलेच, ते या नोंदीत नाहीत. त्यांच्यासाठी घरातला एक धातूचा तुकडा पुरतो. ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर, रुपयाला जिथे दाते असतात तिथे, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग धरलं की वाचता येते. चांदीचं असल्यामुळे ते सोनाराकडे गेलं नसेल, तर हा कागदापेक्षा खात्रीचा पुरावा.

नंबर आणि पलटण हाती आली की पलटणीची अधिकृत युद्ध-दैनंदिनी पाहायची. रोज कुठे तळ होता, किती जखमी मागे पाठवले, हे तीत तारीखवार असतं. या दैनंदिन्या लंडनच्या अभिलेखागारात आहेत. त्या तारखेवरून हॉस्पिटल-जहाज आणि मुंबईतली हॉस्पिटलं यांचा अंदाज बांधता येतो. नर्सची डायरी कामाला येते ती इथे. नाव ती देणार नाही. पण त्या आठवड्यात जहाज किती दिवस बंदराबाहेर ताटकळलं, वॉर्डात खाटा पुरल्या का, पाणी होतं का, हे ती सांगते. आपला माणूस त्या वॉर्डात होता हे नंबरानं आधीच ठरलेलं असतं, म्हणून तिच्या निनावी वाक्यावर आपण विश्वास ठेवू शकतो. हा क्रम चुकवून, डायरीतल्या एखाद्या ‘मराठा शिपाया’ला परस्पर आजोबा ठरवणारे लोकही आहेत. दीडशे जणांच्या वॉर्डात मराठा शिपाई एकच असेल, असं मानायला ते तयार असतात.

पदकाचं आणखी एक. ते चांदीचं नसून काशाचं असेल, तर माणूस बहुधा लढणारा नव्हता. मजूर तुकड्या आणि सैन्याबरोबरचे नोकर-चाकर यांना काशाचं पदक मिळालं. डोली उचलणारे, हॉस्पिटलात पाणी भरणारे, वॉर्ड झाडणारे यातलेच. ही माणसं नर्सांच्या डायऱ्यांत रोज येतात, ‘बेअरर’, ‘भिस्ती’, ‘स्वीपर’ म्हणून, आणि त्यांच्या वंशजांनी शोध सुरू केल्याचं अजून फारसं ऐकिवात नाही. घरात काशाचं पदक असेल तर ते पितळेच्या भांड्यांबरोबर मोडीत घालण्याआधी त्याची कड एकदा उजेडात धरून पाहावी.